बेटांवरची पोरं आणि आपली पोरं

गेल्या अंकात सेंट लुशिया या कॅरिबियन बेटावरच्या एका मुलीबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या. पाण्याच्या व्यवस्थापनाचं पदव्युत्तर शिक्षण घ्यायला तिला लंडनमध्ये प्रवेश मिळाला, शिष्यवृत्तीही मिळाली, आणि अर्जाच्या सगळ्या काळात ती माझ्याशी सांगलीला बोलत होती, एवढंच. त्यावर नेहमीपेक्षा जास्त पत्रं आली. काही कौतुकाची, काही तक्रारीची, बरीचशी काळजीची. म्हणून या महिन्याचं सदर त्याच विषयाला देते. पत्रलेखकांची नावं नेहमीप्रमाणे छापलेली नाहीत.

वाळवा तालुक्यातून एक तरुण लिहितो: ताई, राग मानू नका. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी मुलं परदेशाच्या नादात एजंटांचे उंबरे झिजवतात. तुम्ही स्वतः बाहेर शिकलात, नोकरी केलीत. आणि पहाटे उठून बोलता कुणाशी, तर वेस्ट इंडीजच्या मुलांशी. आधी घरच्यांचं बघावं असं नाही का वाटत?

राग नाही आला. हाच प्रश्न माझ्या सख्ख्या भावानेही मला विचारलाय.

मी सांगलीच्या विलिंग्डन कॉलेजची. रसायनशास्त्र घेऊन बी.एस्सी. झाले आणि पुढे मातीच्या अभ्यासात शिरले, कारण आमचं रान कृष्णाकाठचं आणि त्यातलं निम्मं क्षारपड. उसाला पाणी देऊन देऊन जमिनीतलं मीठ वर कसं येतं ते मी घरच्या बांधावर पाहिलं होतं. इंग्लंडमध्ये रेडिंगला पीएच.डी. केली आणि तिथून त्रिनिदादला, वेस्ट इंडीज विद्यापीठाच्या सेंट ऑगस्टिनच्या आवारात नोकरीला गेले. तिथेही ऊसच. नोकरी संपवून सांगलीला परत आले तेव्हा माझे काही विद्यार्थी तिकडे शाळांतून शिकवू लागले होते. त्यांच्यातल्या एकीने विचारलं, माझ्या वर्गातल्या एका मुलाशी बोलाल का? तिथून हे सुरू झालं.

त्या विद्यापीठाबद्दल थोडं सांगते. १९४८ साली जमैकात मोना इथे, लंडन विद्यापीठाच्या आधाराने ते सुरू झालं. १९६२ साली स्वतःच्या पायावर उभं राहिलं. डझनाहून जास्त छोटे देश मिळून ते चालवतात. छोटे म्हणजे किती? सेंट लुशियाची सगळी लोकसंख्या दोन लाखांच्या आत. आपल्या सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेत २०११च्या जनगणनेत पाच लाखांवर माणसं होती. तरीही त्या बेटाने दोन नोबेल मानकरी दिले: १९७९ साली अर्थशास्त्रात आर्थर लुईस आणि १९९२ साली साहित्यात डेरेक वॉलकॉट.

लुईस सात वर्षांचे असताना वडील गेले. आईने पाच मुलगे वाढवले. चौदाव्या वर्षी शाळेचा अभ्यासक्रम संपला, पण शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसण्याचं वय नव्हतं, म्हणून ते सरकारी कचेरीत कारकुनी करत राहिले. १९३२ साली परीक्षा दिली आणि शिष्यवृत्ती मिळवली. इंजिनिअर व्हायची इच्छा होती. पण काळ्या इंजिनिअरला सरकारही नोकरी देणार नव्हतं आणि गोऱ्यांच्या कंपन्याही देणार नव्हत्या, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणून वाणिज्य घेतलं आणि १९३३ साली लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये दाखल झाले.

आता आपल्याकडे या. साताऱ्याच्या सरकारी हायस्कूलमध्ये ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर दाखल झाले. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते कोलंबियाला गेले, तिथून लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सला. शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली अभ्यास अर्धा टाकून परतावं लागलं. मुंबईत प्राध्यापकी करून पैसे साठवले, शाहू महाराजांनी मदत केली, नवल भाथेना या पारशी मित्राने कर्ज दिलं, तेव्हा १९२० साली पुन्हा जाता आलं. १९२३ साली डी.एस्सी. झाले. त्यानंतर बरोबर दहा वर्षांनी त्याच संस्थेच्या दारातून सेंट लुशियाचा तो मुलगा आत गेला.

बेटावरची मुलं माझ्याकडे येतात तेव्हा मी त्यांना बाबासाहेबांची ही हकीकत सांगते. सांगली-साताऱ्याची मुलं येतात तेव्हा त्यांना लुईसची सांगते. हो, आपलीही येतात, रविवारी सकाळी विश्रामबागेत माझ्या घरी. तूही ये. दार कुणालाच बंद नाही.

पण तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर वेगळं आहे. परदेशी जाण्याच्या बाबतीत ती माणसं आपल्या पुढे आहेत. १९०४ ते १९१४ या काळात अमेरिकेने पनामा कालवा खोदून घेतला. त्यावर राबणारे सगळ्यात जास्त मजूर बार्बाडोस आणि जमैकाचे होते. २२ जून १९४८ ला ‘एम्पायर विंडरश’ जहाजातून बेटांवरची माणसं इंग्लंडला उतरली, त्यानंतर तिथल्या बस, रेल्वे, इस्पितळं चालवायला बेटांवरून हजारो लोक गेले. त्रिनिदादमध्ये मला असं घर क्वचितच भेटलं जिथलं कुणीच बाहेर नाही. त्यामुळे तिथली आजीसुद्धा निघालेल्या नातवाला विचारते, परतीच्या तिकिटाचे पैसे वेगळे ठेवलेस का? कुणाच्या घरी उतरणार? तिथे आजारी पडलास तर कळवणार कोण?

हे शहाणपण आपल्याकडे मुळीच नाही असं नाही. विटा, खानापूर, आटपाडीकडचे गलाईवाले बघ. दुष्काळी भागातली पोरं सोनं-चांदी गाळायला देशाच्या कानाकोपऱ्यात गेली, पण कुणी एकटं गेलं नाही. तिकडे गावचा माणूस आधीच दुकान टाकून बसलेला असायचा. तो पोराला ठेवून घ्यायचा, मूस आणि आम्ल हाताळायला शिकवायचा, जेवूखाऊ घालायचा, आणि पोरगं तयार झालं की त्याला वेगळं दुकान काढून द्यायला मदत करायचा. त्या वाटेवर पिढ्यांचा अनुभव आहे. मँचेस्टर किंवा टोरांटोच्या वाटेवर आपल्या तालुक्यांचा तेवढा अनुभव अजून साठलेला नाही, आणि ती मोकळी जागा एजंटांनी भरली आहे. बेटांवरच्या मुलांशी बोलताना मी जे ऐकते ते इथल्या मुलांच्या कामी येतं. मी शिकवते त्याहून जास्त तिकडून शिकते, हे मनापासून लिहिते आहे.

तासगाव तालुक्यातून एक आई लिहितात: मुलगा मेकॅनिकल इंजिनिअर झालाय. कुपवाड एमआयडीसीत होता, पगार कमी म्हणून सोडलं. कॅनडात दोन वर्षांच्या डिप्लोमाला जायचं म्हणतो. एजंट म्हणतो शिकता शिकता कमवेल, खर्च निघून येईल. अडीच एकर द्राक्षबाग आहे, ती गहाण ठेवावी लागेल. ह्यांचा जीव होत नाही, पोरगा नीट जेवत नाही. आणि खरं सांगायचं तर, गेला तर परत येईल का, हीच मला धास्ती.

वहिनी, बाग गहाण ठेवू नका. कारणं पुढे सांगते, पण हे आधी लिहिते, कारण तुमच्या पत्राच्या तारखेवरून वाटतं की सही करायचा दिवस जवळ आला असेल.

एकट्या विद्यार्थ्याकडे पहिल्या वर्षाच्या राहण्याखाण्यापुरते २२,८९५ कॅनेडियन डॉलर आहेत, हे कॅनडाचं सरकार सप्टेंबर २०२५ पासून दाखवायला सांगतं. फी आणि विमानभाडं याच्या वर. रुपयांत हे चौदा लाखांच्या पुढे जातं. २०२३ अखेरपर्यंत हाच आकडा १०,००० डॉलर होता. तो दुपटीच्या वर नेला, कारण आधीच्या पैशात तिथे राहणं होत नव्हतं आणि मुलं हालात दिवस काढत होती. शिक्षण चालू असताना कॉलेजबाहेर आठवड्याला २४ तास काम करता येतं. तेवढ्यात घरभाडं आणि जेवण कसंबसं निघेल. फी निघणार नाही, बागेवरचं व्याज तर नाहीच.

दुसरं. डिप्लोमा झाला की काम करायचा परवाना आपोआप मिळतो, असं एजंट सांगत असेल तर त्याला थांबवा. १ नोव्हेंबर २०२४ पासून कॉलेजांच्या पदविकांना तो परवाना ठरावीक विषयांपुरताच आहे. तुमच्या मुलाचा अभ्यासक्रम त्या यादीत आहे का, हे कॅनडा सरकारच्या संकेतस्थळावर त्यानेच तुमच्यासमोर बसून दाखवावं. एजंटच्या कागदावर नको. एजंटला बहुतेक वेळा कॉलेजकडून कमिशन मिळतं, त्यामुळे जिथे कमिशन आहे तेच कॉलेज त्याला चांगलं दिसतं.

मुलाला ‘नाही’ म्हणू नका. वर्षभर थांबायला सांगा, आणि थांबणं म्हणजे घरी बसणं नव्हे. त्याने पुन्हा नोकरी धरावी आणि त्या वर्षात जर्मन शिकावं. जर्मनीतल्या बहुतेक सरकारी विद्यापीठांत शिक्षणाची फी नाही, मेकॅनिकलच्या मुलाला तिथे वाव आहे, आणि वर्षाच्या खर्चाचे ११,९०४ युरो खात्यात अडकवून ठेवावे लागतात ते त्याचेच राहतात, दरमहा त्यालाच मिळतात. ही रक्कमही लहान नाही. पण फी नसल्यामुळे बँकेचं कर्ज आवाक्यात राहतं, आणि साडेसात लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँका सहसा जमीन तारण मागत नाहीत.

उरलेल्या पैशांसाठी बेटांवरचा एक रिवाज सांगते. १९५० च्या दशकात जमैकाची माणसं लंडनला गेली तेव्हा बँका त्यांना घरासाठी कर्ज देत नव्हत्या, आणि घरमालक खोली द्यायला तयार नसत. त्यांनी भिशी लावली. जमैकात तिला ‘पार्टनर’ म्हणतात, त्रिनिदादमध्ये ‘सूसू’. ओळखीतले पंधरा-वीस जण, दर आठवड्याला ठरलेली रक्कम, आणि पाळी येईल त्याच्या हातात सगळी गोळाबेरीज. त्या पैशांतून त्यांनी घराची पहिली रक्कम भरली. सेंट ऑगस्टिनला आमच्या प्रयोगशाळेतल्या मदतनीस बाईने मुलीला नर्सिंगला पाठवलं ते सूसूवर. तुमच्या भावकीत, बायकांच्या गटात अशी माणसं नक्की असतील. धोका सगळ्या घरांत वाटला जातो आणि कुणाच्या सातबाऱ्यावर बोजा चढत नाही.

आता तुमची धास्ती. खोटा दिलासा देत नाही. आंतरराष्ट्रीय नाणेनिधीच्या २००६ च्या एका अभ्यासात दिसलं की जमैका आणि गयाना इथल्या उच्चशिक्षितांपैकी ऐंशी टक्क्यांहून जास्त लोक देशाबाहेर आहेत. गेलेले आईबाप तिकडून मोठमोठ्या पिंपांत कपडे, डबे, खेळणी भरून जहाजाने पाठवतात. त्या पिंपांवर वाढलेल्या मुलांसाठी जमैकात वेगळं नावच पडलं आहे, ‘बॅरल चिल्ड्रन’. त्यांना कशाची कमी नव्हती, जवळ आईबाप तेवढे नव्हते. आपल्याकडे हे उलट्या बाजूने घडतंय: पैसे मुलगा पाठवतो आणि घरात म्हातारी माणसं एकटी असतात. माझ्याच गल्लीत अशी चार घरं आहेत.

पण ज्यांच्याशी मी वर्षानुवर्षं बोलत आले त्यांच्यात एक गोष्ट वारंवार दिसली. ज्यांच्या डोक्यावर मोठं कर्ज होतं ते परत आले नाहीत. यायचं नव्हतं म्हणून नव्हे. इथल्या पगारात तिकडचं कर्ज फिटत नाही, म्हणून आणखी दोन वर्षं, मग आणखी दोन, आणि तोवर तिकडेच संसार उभा राहतो. ज्यांनी कमी कर्जात शिक्षण केलं त्यांच्या हातात निवड राहिली, आणि त्यांच्यातले बरेच परतले. म्हणजे वहिनी, बाग गहाण ठेवणं हेच तुमच्या मुलाला तिकडे अडकवणारं ठरेल. हे त्याच्या वडिलांनाही वाचून दाखवा.

जत तालुक्यातून एक शिक्षक विचारतात: मुलीला नीटमध्ये पात्रतेपुरते गुण आहेत. इथल्या खासगी कॉलेजची फी झेपत नाही. कॅरिबियन बेटावर निम्म्या खर्चात एमबीबीएस होतं आणि पुढे थेट अमेरिका, असं सांगतात. तुम्ही तिथे राहिलात. खरं काय?

तिथे दोन प्रकारची वैद्यकीय शिक्षणं आहेत आणि एजंट ती मुद्दाम एकत्र करतात. एक, वेस्ट इंडीज विद्यापीठाचं स्वतःचं, जिथे बेटांवरची हुशार मुलं जातात आणि तिथल्याच इस्पितळांत डॉक्टर होतात. दुसरी, बाहेरच्या विद्यार्थ्यांसाठी काढलेली खासगी कॉलेजं. १९७६ साली ग्रेनडात असं पहिलं नावाजलेलं कॉलेज निघालं ते अमेरिकन मुलांसाठी. १९८३ साली अमेरिकेने ग्रेनडात सैन्य उतरवलं तेव्हा तिथल्या अमेरिकन विद्यार्थ्यांची सुरक्षितता हे एक कारण सांगितलं गेलं, इतकी ती मुलं तिथे होती. या कॉलेजांची नेहमीची रीत अशी: पहिली दोन वर्षं बेटावर पुस्तकी शिक्षण, मग रुग्णांवरचं शिक्षण अमेरिकेतल्या इस्पितळांत.

अमेरिकन मुलाला ते सोयीचं आहे. तुमच्या मुलीला भारतात परत येऊन डॉक्टरकी करायची असेल तर इथेच गाडी अडते. आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाचा नोव्हेंबर २०२१ चा नियम सांगतो की अभ्यासक्रम किमान ५४ महिन्यांचा हवा, त्यानंतर १२ महिन्यांची इंटर्नशिप, आणि हे सगळं त्याच एका परदेशी संस्थेत झालेलं हवं. शिक्षणाचं माध्यम इंग्रजी हवं. ज्या देशाची पदवी, त्या देशात तिथल्या नागरिकाप्रमाणेच डॉक्टर म्हणून नोंदणी मिळण्याइतकी ती पदवी ग्राह्य हवी. शिवाय भारतात आल्यावर परवाना परीक्षा आणि पुन्हा वर्षभराची इंटर्नशिप.

सर, एजंटला एवढंच विचारा: या कॉलेजातून गेल्या पाच वर्षांत बाहेर पडलेला एक तरी मराठी डॉक्टर, ज्याला भारतात नोंदणी मिळाली आहे, त्याच्याशी फोन जोडून द्या. जोडून दिला तर त्या डॉक्टरशी तासभर बोला. नाही दिला तर तुमच्या मुलीने पुन्हा नीट द्यावी, किंवा फिजिओथेरपी, औषधनिर्माण, सूक्ष्मजीवशास्त्र यांचा मनापासून विचार करावा. पात्रतेपुरत्या गुणांवर डॉक्टर करून देतो म्हणणारा माणूस तुमच्या भविष्य निर्वाह निधीकडे बघत असतो.

मिरजेतून बी.एस्सी. नर्सिंगची विद्यार्थिनी: मला इंग्लंडला जायचंय. एकाने चार लाख मागितले. द्यावेत का?

एक रुपयाही देऊ नकोस. परदेशातून परिचारिका घेण्याबद्दल ब्रिटनची जी आचारसंहिता आहे तिच्यानुसार भरती करणाऱ्याने उमेदवाराकडून पैसे घ्यायचे नसतात. आधी इथे अनुभव घे, इंग्रजीची ओईटी किंवा आयईएलटीएस परीक्षा दे, मग तिकडच्या नोंदणीसाठीची संगणकावरची सीबीटी परीक्षा भारतात देता येते, आणि ओस्की ही प्रात्यक्षिक परीक्षा तिकडे. ‘केअर वर्कर’ म्हणून लगेच पाठवतो म्हणणाऱ्यापासून तर लांबच राहा, परदेशातून नव्या माणसांसाठी तो मार्ग जुलै २०२५ मध्ये बंद झाला. मिरजेला शिकतेस, जिथे १८९४ पासून वॉनलेस साहेबांच्या इस्पितळात लांबलांबून रुग्ण येत राहिले. इथली दोन वर्षं तुला फार कामाला येतील.

कराडहून एक निवृत्त शिक्षक: रयत शिक्षण संस्थेत भूगोल शिकवण्यात आयुष्य गेलं. तुम्ही करता तसं काही मलाही करावंसं वाटतं. इंग्रजी वाचतो-लिहितो, बोलताना अडखळतो. परदेश पाहिलेला नाही. माझा उपयोग होईल का?

सर, तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला. होईल, आणि परदेश पाहिलेला नाही याने काही बिघडत नाही. फॉर्म कसा भरायचा हे त्या मुलांना कुठेही सापडतं. कुणी शांतपणे प्रश्न विचारणारं सापडत नाही.

सेंट लुशियाच्या त्या मुलीचंच सांगते. तिने अर्जासाठी लिहिलेला पहिला निबंध गुळगुळीत होता: हवामानबदल हे जगापुढचं मोठं आव्हान वगैरे. कुणाचाही वाटावा असा. मी तो दुरुस्त केला नाही. तिला विचारलं, तुझ्या घरी पाणी कुठून येतं? ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग बोलतच सुटली. ऑक्टोबर २०१० च्या अखेरीस टोमास चक्रीवादळ आलं तेव्हा ती लहान होती. आजीच्या घरामागची दरड कोसळली, धरणात गाळ भरला, नळ कोरडे पडले आणि चहूकडे पाणी असलेल्या बेटावर लोक प्यायच्या पाण्यासाठी रांगेत उभे राहिले. आजीबरोबर बादली घेऊन ती त्या रांगेत होती. हेच लिही, म्हटलं. शिष्यवृत्ती त्या निबंधाला मिळाली. निबंधातला एकही शब्द माझा नाही. तसा तो नसावाच. मुलाखतीत त्यांनी खोदून विचारलं तेव्हा तिला आठवावं लागलं नाही.

भूगोलाच्या शिक्षकाला असे प्रश्न आपसूक सुचतील. आणि तुमच्या पाठीशी ‘कमवा आणि शिका’ आहे. कर्मवीर अण्णांच्या वसतिगृहांत मुलं शेतात राबून फी भागवायची, ही गोष्ट मी त्रिनिदादमधल्या मुलांना सांगते तेव्हा ती कान टवकारतात. २००३ साली तिथली करोनी ही सरकारी साखर कंपनी बंद झाली आणि हजारो ऊस कामगारांचं काम गेलं. सेंट किट्स बेटाने २००५ साली साखर उद्योगच थांबवला. ऊस गेल्यावर मुलांनी काय करायचं, हा प्रश्न त्या घरांमध्ये अजून आहे. कराडच्या माणसाला तो समजावून सांगावा लागणार नाही.

काही व्यवहाराच्या गोष्टी. वेळ सांभाळावी लागते. त्रिनिदाद, ग्रेनडा, सेंट लुशिया आपल्या साडेनऊ तास मागे, जमैका साडेदहा. आपले पहाटेचे साडेचार म्हणजे त्रिनिदादमध्ये आदल्या दिवशीचे संध्याकाळचे सात. पहाट झेपत नसेल तर शनिवार संध्याकाळ धरा, तेव्हा तिकडे सकाळ असते. त्यांचं इंग्रजी सुधारायला जाऊ नका. ते शाळेत इंग्रजीतूनच शिकतात, घरी आपली बोली बोलतात, आणि पहिले दोन-तीन फोन तुम्हाला त्यांचं बोलणं पकडायला लागतील. तुमचं अडखळणं त्यांना खटकणार नाही. त्यांना खटकतं ते उपदेश करणं.

जून ते नोव्हेंबर हा तिथला वादळांचा काळ. १ जुलै २०२४ ला बेरिल वादळाने ग्रेनडाचं कॅरियाकू बेट झोडपलं, २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसाने जमैका. अशा वेळी मुलगा महिनाभर गायब झाला तर रागावू नका, त्याच्याकडे वीज नसते. म्हणूनच माझ्याकडे येणाऱ्याला मी पहिलं काम देते ते कागदांचं: जन्मदाखला, गुणपत्रकं, पासपोर्ट, सगळ्याच्या प्रती फोनमध्ये, ईमेलवर आणि बेटाबाहेरच्या एका नातेवाइकाकडे. २०१९ च्या पुरानंतर सांगलीत गच्च्यागच्च्यांवर ओली गुणपत्रकं वाळत घातलेली मी पाहिली आहेत. आणि २०१८ साली इंग्लंडमध्ये काय उघड झालं ते या मुलांच्या घरी सगळ्यांना माहीत आहे: लहानपणी आईबापांबरोबर कायदेशीर गेलेली, आयुष्यभर तिथे राबलेली माणसं, केवळ जुने कागद दाखवता येत नाहीत म्हणून बेकायदा ठरवली गेली. काहींना देशाबाहेर काढलं. त्यांच्या आगमनाच्या नोंदी असलेली कार्डं सरकारी खात्यानेच २०१० मध्ये नष्ट केली होती.

शिष्यवृत्तीचं बोलणं निघेल तेव्हा परतीची अट आधी वाचायला लावा. ब्रिटनच्या चेव्हनिंग शिष्यवृत्तीत शिक्षणानंतर दोन वर्षं मायदेशी राहावं लागतं, आणि अर्जाआधी साधारण दोन वर्षांच्या कामाचा अनुभव लागतो. १९५९ पासून चालू असलेली राष्ट्रकुल शिष्यवृत्तीही आहे. दोन्ही त्यांना खुल्या आहेत तशा आपल्या मुलांनाही. भारतात शिकायला यायचं असेल तर भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेच्या शिष्यवृत्त्या आहेत. कॅरिबियनमधली मुलं त्यावर आपल्याकडे येतात. पुण्यात अशी दोघं भेटली आहेत मला.

सध्या ग्रेनडाचा एक मुलगा माझ्याकडे आहे. वडिलांबरोबर मासेमारी बोटींची इंजिनं दुरुस्त करतो. त्याला किनाऱ्यांची धूप हा विषय शिकायचा आहे, आणि मी मातीची असले तरी समुद्र माझा विषय नाही. तो तुमच्याकडे देते. येत्या शनिवारी संध्याकाळी साडेसहाला फोन लावू, तिकडे सकाळचे नऊ असतील. पहिल्या वेळी मी बरोबर असेन, पुढच्या वेळेपासून तुम्ही दोघं. तुमचा नंबर संपादकांकडे कळवा, आणि त्याच्या बेटाचा नकाशा जवळ ठेवा.